एकाच काचतंतूवर दुतर्फा दळणवळण : खाडीपट्ट्यातील गावांसाठी एक पाठ

पालघर तालुक्याच्या किनारपट्टीतील माकुणसार व आसपासची गावे एका जागी दाट वसलेली नाहीत. भातखाचरे, वाड्या, खाजण आणि पाडे असा त्यांचा पसारा असतो. ग्रामपंचायतीची कचेरी एकीकडे, शाळा दुसरीकडे, सहकारी सोसायटी तिसरीकडे, तर आरोग्य उपकेंद्र आणखी कोठेतरी, अशी परिस्थिती या भागात सर्रास आढळते. सातबाराचा डिजिटल उतारा, महाडीबीटीवरील अर्ज, पीक विम्याचा भरणा ही सर्व कामे आता दूरच्या संगणकाशी जोडणी असल्याखेरीज होत नाहीत. यास्तव ही जोडणी कशी चालते आणि कोठे बिघडते, याचे निदान प्राथमिक ज्ञान ग्रामकार्यकर्त्यास व जागरूक शेतकऱ्यास असणे अगत्याचे झाले आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात तालुक्यातील एका गावी जाण्याचा प्रसंग आला. खरीप पीक विम्याची मुदत संपत आली होती आणि ग्रामपंचायतीची जोडणी चार दिवसांपासून बंद होती. पाड्यावरून आलेले शेतकरी कागदांची पिशवी छातीशी धरून ओसरीवर बसले होते. काहीजण लावणीची मजुरी बुडवून आदल्या दिवशीही येऊन गेले होते. विजेच्या कडकडाटात जळालेली जुनी डबी बदलून तेथे नवी बसविण्यात आली होती. नव्या डबीवरचा विजेचा दिवा लागत होता. एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, “साहेब, दिवा तर लागलाय, मग काम का होत नाही?” प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर त्या वेळी मलाही चटकन देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. दोष एवढाच होता की, पलीकडच्या टोकास ज्या जातीची डबी होती त्याच जातीची डबी अलीकडेही बसविली गेली होती. काचतंतू शाबूत होता, वीज होती, यंत्रे नवी होती. परंतु दोन्ही यंत्रे एकाच रंगात बोलत होती आणि ती ज्या रंगात ऐकू शकत होती त्या रंगात बोलणारे कोणीच नव्हते. डबी बदलून आणताच काम सुरू झाले. पण त्या चार दिवसांत कित्येकांना एस.टी.चे भाडे खर्चून तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागल्या, त्या वाचल्या नाहीत.

प्रकाश काचेत टिकतो कसा

केबल म्हणून जी जाड काळी दोरी आपण पाहतो तिच्या पोटात केसासारखे बारीक काचतंतू असतात. प्रत्येक तंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. आणि त्याच्याही गाभ्यातील ज्या मार्गाने प्रकाश जातो तो अवघा ९ मायक्रॉनच्या आसपास. गाभ्याची काच भोवतालच्या काचेपेक्षा किंचित निराळी असल्याने आत शिरलेला प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. विहिरीत बुडी मारून ज्याने तिरकस वर पाहिले असेल त्यास हे सहज पटेल. डोक्यावरचे आकाश दिसते, परंतु तिरप्या नजरेने पाहिल्यास पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो व काठावरची झाडे दिसत नाहीत. आतून तिरका आलेला प्रकाश पृष्ठभाग ओलांडत नाही, हेच त्याचे कारण.

पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली इंग्लंडमध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे पोहोचवून दाखविले. परंतु त्या वेळची काच फार मळकट होती. अशुद्धी काढून टाकल्यास काचेतून दूरवर संदेश धाडता येईल, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने जो तंतू काढला त्यात एक किलोमीटर अंतरानंतर शंभरातील जेमतेम दोन भाग प्रकाश उरत असे. तरीही ती मोठीच मजल समजली गेली. आज आपल्या रस्त्याकडेला पुरलेल्या तंतूत तेवढ्याच अंतरानंतर शंभरातील ब्याण्णव भाग प्रकाश उरतो. काव यांना या कार्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जाणे-येणे एकाच वाटेने

पूर्वी प्रत्येक जोडणीस दोन तंतू लागत : एक बोलण्यास, एक ऐकण्यास. एकतंतू पद्धतीत दोन्ही कामे एकाच तंतूवर होतात. शेताच्या अरुंद बांधावर समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकास खाचरात उतरावे लागते. प्रकाशाचे तसे नाही. रात्री दोन बाजूंनी मारलेले विजेरीचे झोत एकमेकांतून पार जातात, कोणीही अडत नाही. अडचण वेगळीच असते. तंतूच्या जोडावरून स्वतःच्याच प्रकाशाचा काही अंश मागे परततो आणि पलीकडून आलेल्या क्षीण प्रकाशात मिसळून घोटाळा करतो. म्हणून दोन दिशांस दोन निरनिराळे रंग देतात. एक टोक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर बोलते व १५५० वर ऐकते. दुसरे टोक १५५० वर बोलते व १३१० वर ऐकते. डबीतील लहानशी गाळणी नको तो रंग बाजूला काढते. हे दोन्ही रंग मानवी डोळ्यास दिसत नाहीत, ही गोष्ट पुढे सुरक्षिततेच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयाची आहे.

बोलणे व ऐकणे अशी दोन्ही कामे करणाऱ्या या यंत्रास ट्रान्सीव्हर म्हणतात. बाजारात ते दोन रूपांत मिळते : स्विचच्या खाचेत बसणारी बोटाएवढी एसएफपी, किंवा मीडिया कन्व्हर्टर नावाची स्वतंत्र डबी. दोन्हींची विक्री जोडीने होते. एकावर ‘ए’ व दुसऱ्यावर ‘बी’ असे लिहिलेले असते, किंवा ‘टीएक्स’ म्हणजे बोलण्याची व ‘आरएक्स’ म्हणजे ऐकण्याची तरंगलांबी छापलेली असते. ‘ए’समोर ‘बी’च हवा. काही जोड्या १५५० ऐवजी १४९० वापरतात. अशा जोडीतील एक व दुसऱ्या जोडीतील एक मिळून संसार होत नाही. दोन्ही टोकांचा वेगही सारखा असावा. १०० मेगाबिटची डबी १००० मेगाबिटच्या डबीशी जुळेल, असे गृहीत धरू नये. आमच्या त्या गावी नेमकी या छापील अक्षरांकडे पाहण्याचीच हयगय झाली होती.

ग्रामपंचायतीपर्यंत येणारी शासकीय जोडणीही बहुधा याच तत्त्वावर चालते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. आपल्या राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने हाती घेण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. पाड्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. या योजनेत वापरलेल्या जीपॉन पद्धतीत तालुक्याकडून येणारा प्रकाश १४९० वर व गावाकडून जाणारा १३१० वर असतो. मध्ये वीज न लागणारा विभाजक बसवून एकाच तंतूतील प्रकाश अनेक ठिकाणी वाटतात. पाटाचे पाणी जसे पाळीपाळीने प्रत्येकाच्या शेतात घेतात, तसे प्रत्येक ठिकाणचे यंत्र ठरलेल्या क्षणीच बोलते. ही पाळी सेकंदाच्या अत्यंत लहान अंशाची असल्याने वापरणाऱ्यास ती जाणवत नाही.

माळ की फाटे

ग्रामपंचायतीपासून पुढे शाळा, सोसायटी, उपकेंद्र अशी ठिकाणे गावाने स्वतः जोडावयाची झाल्यास मांडणीचा विचार आधी करावा. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपलीकडे उपयोगाची नसते. म्हणून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाताना काचतंतूच घ्यावा. बारा तंतूंच्या केबलीतून जुन्या दुतंतू पद्धतीने सहा ठिकाणे जोडली जातात. एकतंतू पद्धतीने बारा. केबलीतील बरेच तंतू तुटून दोन-तीनच शिल्लक राहिले असतील तेथेही ही पद्धत वेळ निभावून नेते.

खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा ग्रामपंचायतीतून शाळा, शाळेतून सोसायटी, सोसायटीतून पाडा अशी माळ गुंफण्याचा मोह होतो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. सुटीत शाळेचा मुख्य खटका बंद केला की पुढची सारी ठिकाणे मुकी होतात, आणि भर मे महिन्यात शाळेची किल्ली कोणाकडे आहे हे शोधत फिरावे लागते. केबल एकाच मार्गाने टाकली तरी चालेल. परंतु तिच्यातील एकेक तंतू ग्रामपंचायतीपासून थेट त्या त्या ठिकाणी न्यावा. वाटेतील इमारतीत तो तंतू नुसता जोडून पुढे काढावा, तेथील यंत्रावर अवलंबून ठेवू नये.

प्रकाशाचा जमाखर्च

खत देण्यापूर्वी जसा हिशेब करतो, तसा जोडणीपूर्वी प्रकाशाचा करावा. यात डेसिबल हे माप वापरतात : ३ डेसिबल घट म्हणजे प्रकाश निम्मा, १० डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा. समजा, ग्रामपंचायतीपासून एक पाडा केबलीच्या मार्गाने ४ किलोमीटर आहे. १३१० नॅनोमीटरवर दर किलोमीटरी ०.३५ प्रमाणे १.४, वितळवून केलेले सहा जोड, प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.६, काढघाल करता येणारे चार जोड, प्रत्येकी ०.५ प्रमाणे २. एकूण खर्च ४ डेसिबल. दहा किलोमीटरच्या प्रमाणित १००० मेगाबिट एकतंतू ट्रान्सीव्हरचा प्रकाश कमीत कमी उणे ९ डीबीएम असतो व त्यास उणे १९.५ पर्यंतचा क्षीण प्रकाश ओळखता येतो. म्हणजे जमा बाजू साडेदहा डेसिबलची. ४ खर्ची पडून साडेसहा उरतात. त्यांतील ३ पुढील दुरुस्त्यांसाठी राखून ठेवावेत.

हा राखीव भाग चैनीचा नव्हे. केबल एकदा तुटली की मध्ये नवा तुकडा घालावा लागतो आणि दोन जोड वाढतात. चांगल्या यंत्राने केलेला जोड नगण्य खातो, परंतु पावसात घाईने केलेला जोड अर्धा-एक डेसिबलही खाऊन बसतो. उलटपक्षी, चांगले म्हणून ८० किलोमीटर पल्ल्याची डबी आणून ती ५०० मीटरवर लावणेही चूक आहे. तिच्या प्रखर प्रकाशाने समोरचा ग्राहक बिघडण्याचा धोका असतो. अंतराला साजेसाच पल्ला घ्यावा.

जमीन, खोदकाम आणि झाडांचे खड्डे

आता शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष हाताखालच्या गोष्टीकडे वळू. मऊ जमिनीत केबल १.६५ मीटर खोल पुरण्याचा दंडक आहे. ट्रॅक्टरचा नांगर २० ते ३० सेंटिमीटर जातो, मांडवाचा खांब दोन फूट, नारळ वा आंब्याच्या कलमाचा खड्डा एक मीटर. तेव्हा दंडकाप्रमाणे पुरलेल्या केबलीस नेहमीच्या मशागतीपासून भय नाही. भय आहे ते तीन ठिकाणी. जेथे मुरूम वा कातळ लागला तेथे केबल उथळ घेऊन नळीत वा काँक्रीटमध्ये घातलेली असते. तेथे एक मीटरचा खड्डाही तिला गाठतो. दुसरे ठिकाण मोऱ्यांचे. तेथे केबल वर येते व पावसाच्या लोंढ्याने उघडी पडते. तिसरे, व सर्वांत मोठे, यंत्राच्या खोदकामाचे. शेततळे तीन मीटर खोल जाते. खारबंदिस्तीची डागडुजी करताना बांधालगतची माती यंत्राने उचलतात. पोकलेनच्या एका फटकाऱ्यात बाराही तंतू जातात आणि चालकाला ते कळतही नाही. तालुक्यात रेल्वेचे व महामार्गाचे मोठे खोदकाम गेली कित्येक वर्षे चालू असल्याने यंत्रे गावोगाव सहज भाड्याने मिळतात. त्यामुळे हा धोका वाढला आहे.

यास्तव खड्डे आखण्यापूर्वी रस्त्याकडेच्या केबलखुणेच्या दगडांची ओळ पाहावी आणि त्या ओळीपासून कलमांची रांग दोन-तीन मीटर आत घ्यावी. नारळाचे झाड साठ-सत्तर वर्षे उभे राहते. त्याच्या मुळांखाली अडकलेली केबल दुरुस्त करणे कोणाच्याही हिताचे नसते. यंत्र लावून खोदकाम करणाराने आगाऊ सूचना द्यावी, यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू केले आहे. ग्रामपंचायतीने शेततळ्यास वा बांधकामास संमती देताना ही सूचना दिल्याची खात्री करून घेण्याची प्रथा पाडावी.

केबल तुटलीच तर तिची टोके ओढू नयेत, गाठ मारू नये, चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा पुरू नये. टोकांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून जागेवर काठी रोवावी व ग्रामपंचायतीस कळवावे. ओढल्याने तंतू आत दूरवर तुटतो आणि एका जागेची दुरुस्ती तीन जागी करावी लागते. लपवून ठेवण्याने काही साधत नाही. तुटल्याचे अंतर यंत्राने काही मीटरच्या फरकाने कळते.

खारपट्टीत आणखी दोन शत्रू आहेत. उंदीर केबलीचे आवरण कुरतडतात. म्हणून तेथे पोलादी कवचाची केबल घ्यावी. खारे वारे काचेस काही करीत नाहीत, परंतु डबीतील धातूचे टाके व खिळ्या गंजवितात. भिंतीवरील पेटीत केबल खालच्या बाजूने घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकते वळण द्यावे, म्हणजे ओघळणारे पाणी वळणावरून गळून पडते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यातील वाड्यांबरोबर विजेच्या खांबांचीही हानी झाली. खांबावरून नेलेली केबल स्वस्त पडते हे खरे. परंतु खांब पडला की तीही जाते.

वीज गेली असता आणि वीज पडली असता

काचतंतूतून वीज वाहत नाही. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार असल्यास एकीकडे पडलेल्या विजेचा धक्का दुसरीकडची यंत्रेही जाळतो. काचतंतूने हे टळते. परंतु पोलादी कवच वीज वाहून नेते, हे विसरू नये. कवच इमारतीबाहेरच थांबवून जमिनीशी जोडावे. शिवाय डबी ज्या खटक्यावर चालते त्या वाटेनेही धक्का येतोच. आमच्या गावची पहिली डबी तशीच गेली असावी.

मीडिया कन्व्हर्टर सुमारे ५ वॅट व राउटर सुमारे १० वॅट वीज घेतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. तिचा दोन-तृतीयांश भाग वापरता येतो असे धरल्यास साडेतीन तासांहून थोडा अधिक काळ काम चालते. दोन्ही टोकांस अशी बॅटरी हवी. एकाच टोकास असणे म्हणजे नसणेच.

हाताळणी व दोष शोधणे

तंतूच्या उघड्या टोकात किंवा डबीच्या छिद्रात डोळा लावून ‘उजेड येतो का’ हे कदापि पाहू नये. येणारा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो. जोडणी करताना तुटलेले काचेचे कण झाकणाच्या बाटलीत गोळा करून घ्यावेत. आपल्याकडे लोक अनवाणी वावरतात आणि हे कण कातडीत शिरले की सापडत नाहीत. प्लगचे टोक सदऱ्याच्या पदराने वा फुंकर मारून पुसू नये. त्यासाठी मिळणारा तंतुरहित कागद वापरावा. निळ्या टोपीचा प्लग निळ्यात व हिरव्या टोपीचा हिरव्यातच घालावा. हिरव्याचे टोक तिरपे घासलेले असते. ते निळ्यात घातल्यास बसल्यासारखे वाटते, परंतु बराच प्रकाश वाया जातो.

जोडणी बंद पडल्यास प्रथम दोन्ही टोकांचे विजेचे दिवे पाहावेत, मग जोडणीचा दिवा. वीज आहे पण जोडणीचा दिवा नाही, असे असल्यास डबी नुकतीच बदलली आहे काय हे विचारावे व दोन्हीकडील छापील अक्षरे दूरध्वनीवरून एकमेकांस वाचून दाखवावीत. अक्षरे जुळत असतील तर प्लग काढून, पुसून, पुन्हा बसवावा. तंतूस कोठे तीव्र वळण पडले आहे काय, कपाटाच्या दारात तो चेपला आहे काय, हे पाहावे. चहाच्या पेल्याच्या तोंडाएवढ्या वर्तुळाहून लहान वळण देऊ नये. एवढ्यानेही काम न झाल्यास प्रकाशमापक घेऊन येणाऱ्या कारागिरास बोलवावे आणि त्याने घेतलेले माप डीबीएममध्ये लिहून घ्यावे.

ते लिहिण्यासाठी ग्रामपंचायतीत एक वही असावी. प्रत्येक ठिकाणासाठी एक पान : कोणता तंतू, त्याचा रंग, कोणत्या टोकास ‘ए’ व कोणत्या टोकास ‘बी’, तरंगलांबी, वेग, पल्ला, आणि बसविल्या दिवशीचे प्रकाशाचे माप. दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पेरणीची गडबड सुरू होण्यापूर्वी, पुन्हा माप घेऊन त्याखाली तारीख घालून लिहावे. गतवर्षीपेक्षा ते २ डेसिबलहून अधिक घसरले असल्यास पाऊस लागण्याआधीच मोऱ्या व जोडपेट्या उघडून पाहाव्यात. वहीसोबत कपाटात एक ‘ए’ व एक ‘बी’ अशा दोन्ही जातींच्या डब्या शिलकीत ठेवाव्यात, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून ती कोणत्या इमारतीत बसावयाची ते मराठीत ठळक अक्षरांत लिहावे.